बिनअटीची जागा

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माधवीबाईंनी चिंचकोडीच्या नव्या बालमंदिराच्या लहान दाराला किल्ली लावली. किल्ली कुलपात शिरली नाही. त्यांनी ती उलटी करून पाहिली, पदराला पुसून पाहिली, मग वाकून कुलूपच नीट पाहिलं. किल्ली पितळी होती. कुलूप पोलादी होतं आणि नवं होतं.

त्यांच्या मागं अठ्ठावीस मुलं दोरी धरून उभी होती. दोरीला हातभर अंतरावर गाठी होत्या आणि प्रत्येक गाठीवर एक मूठ होती. दुसऱ्या हातात नाश्त्याची ताटली. जैन बस्तीच्या, म्हणजे जिनमंदिराच्या, सभागृहापासून नव्या इमारतीपर्यंत मुलं अशीच चालत आली होती.

"बागिल काढा की, बाई," पहिल्या गाठीवरचा स्वरूप म्हणाला. त्याची आई चिकोडीकडची, तिच्याशी तो कन्नडच बोलतो. दाराला तो बागिलच म्हणतो.

"काढतो रं. थांब जरा."

तेवढ्यात निपाणीहून एक टेम्पो आला आणि पोर्चखाली थांबला. दोन माणसांनी कागदात गुंडाळलेला लांबलचक बोर्ड खाली उतरवला. त्यातला एक शिडी लावत म्हणाला, "पोरास्नी जरा बाजूला घ्या, मॅडम. बोर्ड चढवायचाय. ॲडमिशन अकराला चालू हुणार."

"कसलं ॲडमिशन? मी हितली बाई हाय."

"हितल्या मॅडम निपाणीस्नं येणार," तो म्हणाला. "आमाला बोर्डाचं तेवढं सांगितलंय."

कागद निघाला. वर कन्नड, खाली इंग्रजी. निपाणीतल्या एका इंग्रजी नर्सरीचं नाव आणि त्याखाली 'शाखा चिंचकोडी'. माधवीबाईंनी बोर्ड पूर्ण वाचला. मग त्या रांगेच्या शेवटी चालत गेल्या आणि म्हणाल्या, "चला, आता उलटं जायचं. दोरी कुणी सोडायची न्हाय." शेवटच्या गाठीवरची मुलगी एकदम पहिली झाली म्हणून हसायला लागली. मुलांना तो खेळच वाटला.

बोरगावपासून थोड्याच अंतरावर असलेल्या या गावात महिला मंडळाची बालवाडी बावीस वर्षं बस्तीच्या सभागृहात भरते. बावीस वर्षं बाई एकच, माधवीबाई. गावातल्या बऱ्याच बायका निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जातात. त्या साडेसातची गाडी पकडतात, म्हणून बालवाडी सातला उघडते आणि त्या परत येईपर्यंत चालू राहते. सकाळी उप्पीट, दुपारी खिचडी. मुलं तिथंच झोपतात.

सभागृह मोठ्या माणसांसाठी बांधलेलं आहे. खिडक्या भिंतीच्या वरच्या भागात आहेत, त्यातून मुलांना आभाळ दिसतं आणि कधीतरी कावळा. नळ छातीच्या उंचीवर, तोही मोठ्यांच्या. संडास मागच्या अंगणापलीकडे, त्यामुळे एका मुलाला न्यायचं म्हणजे बाकीच्यांना सोडून जायचं. शिवाय यंदा गावात चातुर्मासाला मुनी महाराज येणार आहेत. त्यांचा मुक्काम सभागृहात. बस्तीच्या पंचांनी ते गेल्याच वर्षी ठरवलं आणि महाराजांना श्रीफळ देऊन तसा शब्दही दिला, कारण तोपर्यंत बालवाडी नव्या इमारतीत गेलेली असणार होती. आता आषाढ लागायच्या आत सभागृह रिकामं करायचं आहे.

नव्या इमारतीचा नकाशा प्रणितानं केला. प्रणिता गावच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष कुंथुनाथ आप्पा यांची पुतणी. बेळगावात टिळकवाडीला तिचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. माधवीबाईंच्या पहिल्या तुकडीत ती होती.

नकाशा काढण्याआधी ती बालवाडीत येऊन बसायची. खुर्ची दिली तर घ्यायची नाही. मुलांमध्ये मांडी घालून बसायची आणि मुलं बसल्यावर त्यांचे डोळे जिथं येतात तिथं भिंतीवर खडूनं रेघ मारायची. भिंतभर रेघा झाल्या. त्यातून खिडकीची उंची ठरली. जमिनीपासून सव्वा फुटावर कड, म्हणजे बसल्या बसल्या रस्ता दिसेल, म्हशी दिसतील, वखारीची गाडी दिसेल. मोठ्यांसाठी एक दार आणि शेजारी मुलांसाठी एक, साडेतीन फुटांचं. पायऱ्या चार-चार इंचांच्या. नळ गुडघ्याशी, समोर पसरट हौद, म्हणजे चौघं एकदम हात धुतील. संडासाची दारं अर्धी, आतलं मूल एकटं नाही हे त्याला कळावं आणि बाईंना वरून डोकं दिसावं.

कोपरा मात्र माधवीबाईंचा. नवीन मूल पहिले काही दिवस रडतं. त्याला उचलून घेतलेलं नको असतं आणि चारचौघांत बसवलेलंही नको असतं. माधवीबाईंनी प्रणिताला सांगितलं होतं, "त्याला लपायचं असतंय, पर दार दिसलं पायजे. आई हिकडनंच गेली, हिकडनंच येणार, एवढं त्याला ठावं असतंय." प्रणितानं गच्चीच्या जिन्याखाली एक कोनाडा केला. आत दोन मुलं मावतील एवढाच. कोनाड्याला एक गोल भोक, आणि त्या भोकातून थेट फाटक दिसतं. गावात त्याला रडायचा कोपरा असंच नाव पडलं.

आणि पुढं पोर्च. पोर्च एवढा मोठा होता की नकाशा बघणारा प्रत्येक जण त्यावर बोट ठेवायचा. माधवीबाईंनी विचारलं तेव्हा प्रणिता म्हणाली, "पावसात मुलं उभी राहतील, बाई." गावानं त्याहून वेगळा अर्थ काढला. त्या वळणावर गल्ली अरुंद आहे आणि बस्तीचा रथ दर वर्षी तिथं अडकतो. चाकाखाली पाचरी घालून, मागून ढकलून तो वळवावा लागतो. पोर्चमुळे रथाला जागा होणार, असं सगळ्यांनी धरलं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी ते नाकारलंही नाही.

जागा धोंडूबाई आक्कांची. रस्त्याला लागून, पूर्वी बैल बांधायची. गावात दुसरी एवढी मोक्याची जागा नव्हती. शिक्षण मंडळानं दोनदा मागितली, त्यांनी दिली नाही. मग माधवीबाई नकाशाची गुंडाळी घेऊन त्यांच्या दारात गेल्या. एकदा नाही, चार वेळा. चौथ्या वेळी कोनाडा कुठं, फाटक कुठं हे धोंडूबाईंनी स्वतःच्या बोटानं कागदावर शोधलं आणि म्हणाल्या, "दिलो, जा."

देण्याची गावात एक रीत आहे. अभिषेक झाल्यावर बस्तीत सगळ्यांसमोर उभं राहून दान बोलायचं. काय दिलं ते सांगायचं आणि हात जोडून बसायचं. कशासाठी, कुणासाठी हे बोलायचं नाही. देवासमोर अट घातली की तो व्यवहार होतो, दान राहत नाही, असं इथं मानतात. म्हाताऱ्यांना तर ही रीत सांगावीही लागत नाही. धोंडूबाई उठल्या, "रस्त्याकडंची जागा मंडळाला दिली," म्हणाल्या आणि बसल्या. माधवीबाई बायकांच्या बाजूला त्यांच्या शेजारीच होत्या. जागा बालवाडीला मिळाली, हे त्या दिवशी गावात प्रत्येकाला माहीत होतं.

यंदा अक्षय्य तृतीयेला इमारतीचं उद्घाटन झालं. सगळ्यांना उसाचा रस दिला. कुंथुनाथ आप्पांनी माधवीबाईंना पुढं बोलावलं, पितळी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सुट्टी लागली.

सोमवारी सकाळी मुलांना सभागृहात परत बसवून, उप्पीट वाटून माधवीबाई नऊच्या सुमारास आप्पांकडे गेल्या. आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात पेपर वाचत होते.

"आप्पा, किल्ली लागंना."

"लागणार न्हाय. कुलूप बदललंय. बस की माधवी. च्या घे."

"च्या नको. तिथं बोर्ड लावलाय."

"लावला व्हय? बरं झालं. सकाळपास्नं वाट बघत हुतो." त्यांनी पेपराची घडी केली. "हे बघ, काळ बदललाय. लोकास्नी इंग्लिश पायजे. पोरं बोरगावला जात्यात, पार निपाणीला जात्यात. गावातच शाळा झाली तर वाईट काय?"

"वाईट न्हाय. पर ती इमारत बालवाडीची हाय. किल्ली तुमीच दिलासा, समद्या गावाफुडं."

"दिली की. ती मानाची किल्ली. मान तुझाच हुता, तो तुला दिला."

माधवीबाई उभ्याच होत्या. "आणि आक्काची जागा?"

"ती मंडळाला दिलीया."

"कशासाठी दिली ते तुमाला ठावं न्हाय?"

"अट हुती का?" आप्पांनी शांतपणे विचारलं. "तू हुतीस की तिथं. शेजारीच बसलीवतीस. अट ऐकलीस?"

"अट घालायची रीत हाय का तुमच्यात?"

"न्हाय. म्हणून तर दानाला मोल हाय." ते थोडं पुढं झुकले. "रागावू नगो. तुझी सोय बघतोय मी. प्रणिताशी बोल. तिला समदं ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"शाळंचं. पयल्यापास्नं ठावं हाय. नकाशाच तसा काढलाय न्हवं. चार गावची पोरं व्हॅननं येणार, तर व्हॅन वळायची कुठं? एवढा पोर्च दिसला न्हाय व्हय तुला?"

माधवीबाईंनी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी प्रणिताला फोन लावला. फोन वाजत राहिला. बुधवारी त्यांनी मुलं महिला मंडळाच्या मालुबाईंवर सोपवली, निपाणीला जाऊन बेळगाव गाडी धरली आणि स्टँडवरून रिक्षानं टिळकवाडीत गेल्या.

प्रणिता त्यांना बघून उठून उभी राहिली. "बाई! कळवायचं नाही का? मी स्टँडवर घ्यायला आले असते."

"सोमवारपास्नं फोन लावतोय."

"साइटवर होते."

"असशील."

प्रणितानं पंखा वाढवला, पाणी आणलं. भिंतीलगतच्या मांडणीवर बालमंदिराचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. छप्पर उचललं की आतलं सगळं दिसायचं. बोटाच्या पेराएवढी मुलं, आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेली हिरव्या लुगड्यातली एक बाई. शेजारी बेळगावातल्या कुठल्याशा संस्थेनं दिलेली काचेची पट्टी होती, लहान मुलांसाठीच्या उत्तम रचनेबद्दल.

माधवीबाई मॉडेलजवळ गेल्या. "व्हॅन वळवायला केवढी जागा लागती गं?"

"बाहेरच्या चाकाला साधारण सहा मीटर," प्रणिता सवयीनं म्हणाली. आणि थांबली.

"आणि रथाला?"

प्रणितानं खुर्ची पुढं सरकवली.

"तुला कवा कळलं?"

"बाई, बसा ना. मी सगळं सांगते. बालवाडीसाठी मंडळ एक वीट लावणार नव्हतं. आप्पा पहिल्यांदा शेड म्हणत होते, पत्र्याचं शेड. उन्हाळ्यात मुलं भाजली असती. इंग्रजी शाळा येणार म्हटल्यावर देणगीदार पुढं आले. तेव्हा कुठं मला हवी तशी इमारत करता आली. मला वाटलं, एकदा उभी राहू दे. नीट उभी राहू दे. मग तुम्हाला आत घेण्यासाठी भांडता येईल."

"भांडलीस?"

"बोललेय मी आप्पांशी."

"मी इचारलं ते सांग. कवा कळलं? कोपऱ्याच्या आधी का नंतर?"

"कुठल्या कोपऱ्याच्या?"

"रडायच्या. मी तुला सांगत हुतो, लपायचं असतंय पर दार दिसलं पायजे. सभागृहात. तू खडू घेऊन बसलीवतीस. तवा ठावं हुतं का न्हवतं?"

बाहेर एक रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता. प्रणितानं टेबलावरची मोजपट्टी उचलली आणि परत ठेवली.

"होतं," ती म्हणाली.

माधवीबाई खुर्चीवर बसल्या. मग प्रणितानं खालच्या आवाजात सुरुवात केली. "बाई, त्या इमारतीत जे चांगलं आहे ते तुमचं आहे. मी कुठंही बोलायला गेले तर तुमचं नाव घेते."

"निपाणीची बाई बघायला आली आसंल न्हवं? तिनं कोपरा बघितला?"

"बघितला. आवडला तिला. कम्फर्ट कॉर्नर म्हणते ती."

"आणि तो कुणी सांगितला म्हणून सांगितलंस तिला?"

"विषय निघाला नाही."

"बरं."

"तुमची सोय केलीये, बाई. मी स्वतः आप्पांना सांगितलं. असिस्टंट म्हणून तुम्हाला घेतील. मुलांना बाथरूमला नेणं, डबे उघडून देणं. एक वर्ष काढा, मग मी बघते."

"वखारीतल्या बायकांची पोरं?"

"शाळा साडेनऊ ते साडेबारा आहे."

"म्हंजे न्हाईत."

"फी भरली तर..." प्रणितानं वाक्य अर्धंच सोडलं.

"मला सांगायचं हुतंस," माधवीबाई म्हणाल्या. "मी आक्काच्या दारात चार वेळा गेलतो. तुझा कागद घेऊन. तिनं बैलांची जागा दिली, ती तुझ्या मंडळाला न्हाय दिली. माझ्याकडं बघून दिली. सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं तर गेला असता तुम्ही?"

"न्हाय."

"म्हणूनच," प्रणिता म्हणाली.

माधवीबाई उठल्या. प्रणिता त्यांना सोडायला खाली आली, रिक्षा थांबवली, स्टँडपर्यंतचं भाडं ठरवलं. रिक्षा निघताना ती म्हणाली, "बाई, इमारत चांगली झालीये ना?" त्यांनी ऐकलं की नाही, हे प्रणिताला कळलं नाही. त्यांनी ऐकलं होतं, असं त्यांनी मालुबाईंना नंतर सांगितलं.

दरम्यान गावात ॲडमिशन सुरूच होतं. महिला मंडळाच्या ज्या बायका उद्घाटनाला पुढच्या ओळीत बसल्या होत्या, त्यातल्या काही जणींनी पहिल्याच दिवशी मुलांची नावं घातली. मंडळाच्या खजिनदार पूर्णिमा वैनींनी मुलीचं नाव घातलं आणि संध्याकाळी येऊन तसं सांगूनही गेल्या. "राग मानू नगा, बाई. तुमच्या हाताखालनं गेली आसती तर मला लई बरं वाटलं असतं. पर इमारत तीच हाय की. खिडक्या तुमी सांगितलेल्याच हाईत."

"व्हय. माझ्याच हाईत," माधवीबाई म्हणाल्या.

बुधवारी जिनेंद्रनं स्वरूपचं नाव घातलं. जिनेंद्र धोंडूबाईंचा मुलगा, स्वरूप नातू. जागा देणाऱ्याच्या घरातलं मूल म्हणून शाळेनं त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि फोटो काढला. गुरुवारी बालवाडीत दोरीवर सतरा गाठी भरल्या.

गुरुवारीच संध्याकाळी माधवीबाई धोंडूबाईंकडे गेल्या. आक्का परसात कांदे निवडत होत्या. माधवीबाई समोर बसल्या आणि त्याही निवडू लागल्या.

"कळलं मला," धोंडूबाई म्हणाल्या. "आप्पा यिऊन गेला. म्हणाला, आक्का, तुझ्या जागंचं सोनं झालं."

"तुमी रविवारी बस्तीत उभं ऱ्हावा, आक्का. कुणाला दिली ते एकदा बोला."

"आता?"

"आता न्हाय तर कवा?"

"अगं, दिलेलं हाय ते. आता मागनं बोललो तर ते दान ऱ्हातं व्हय?" त्यांनी एक सडका कांदा बाजूला टाकला. "माझी सासू म्हणायची, देताना जीभ आवरावी. मी आवरली. अशी वेळ यील हे काय ठावं."

"समद्यास्नी ठावं हुतं, आक्का. समद्यास्नी."

"मग ते का बोलंनात? मीच का?"

माधवीबाईंनी पुढचा कांदा उचलला. सोप्यातून जिनेंद्रचा आवाज आला. "आई, त्या बाईस्नी सांग, हिथं यिऊन म्हातारीचं कान भरू नगा म्हणावं. दिलेली जागा परत मागितली तर गावात तोंड कुठं दाखवायचं आमी?"

"गप रं," धोंडूबाई ओरडल्या. "तुझं तोंड कोण बघतंय?" पण मग त्या पुन्हा कांद्यांकडे वळल्या. जाताना त्यांनी माधवीबाईंच्या पदरात दोन मुठी कांदे घातले.

शुक्रवारी सकाळी माधवीबाई मुलांना घेऊन पुन्हा निघाल्या. दोरी धरून, ताटल्या घेऊन. मालुबाईंनी डोक्यावर सतरंजी घेतली होती. नव्या इमारतीच्या दारांकडे त्या गेल्या नाहीत. पोर्चखाली सतरंजी अंथरली, मुलांना बसवलं आणि गाणं सुरू केलं.

सव्वानऊला पहिली व्हॅन आली. चालकानं हॉर्न वाजवला. मुलांनी हॉर्नसारखा आवाज काढून दाखवला. चालक उतरला. "बाई, गाडी कुठं वळवू मी?"

"गल्लीच्या तोंडाला. तिथनं पोरं चालत येतील. चालल्यानं काय हुतंय त्यास्नी?"

"मॅडम मला बोलतील."

"मॅडमला सांग, पावसात पोरं उभी ऱ्हावीत म्हणून हे केलंय. आर्किटेक्टनं सांगितलंय."

"पाऊस कुठाय?"

"यील की."

निपाणीच्या मॅडम बाहेर आल्या. तिशीच्या असाव्यात. त्यांनी आवाज चढवला नाही. आपल्याला इमारत मंडळानं दिली आहे, बालवाडीचं आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, असं त्यांनी माधवीबाईंना मराठीतच सांगितलं. मग त्या आत गेल्या आणि त्यांनी आप्पांना फोन केला. त्या फोनवर असताना स्वरूप लहान दारातून बाहेर आला. गळ्यात टाय होता. तो सरळ येऊन सतरंजीवर बसला. मॅडमनी त्याला दोनदा आत नेलं, दोन्ही वेळा तो परत आला. तिसऱ्या वेळी त्याला आत घेऊन लहान दाराला आतून कडी लावली. नंतर तो जिन्याखालच्या कोनाड्यात बसला होता. गोल भोकातून पोर्चमधल्या मुलांना त्याचा एक डोळा आणि टायचा तुकडा दिसत होता, आणि मुलं त्याला हात करत होती.

दहा वाजता आप्पा आले. सोबत पंचांपैकी दोघं होते. आप्पा म्हणाले, "माधवी, हे गावाच्या शोभेचं न्हाय."

"व्हय आप्पा, न्हाय."

"उठीव पोरास्नी."

"कुठं नेऊ? सभागृह महाराजांसाठी मोकळं करायचंय. तुमीच सांगा कुठं नेऊ, लगीच नेतो."

पंच एकमेकांकडे बघत राहिले. महाराजांना दिलेला शब्द मोडता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. बालवाडीला कुणी कधी तसा शब्द दिला होता का, हे त्यांच्यातल्या एकालाही नक्की सांगता येईना. शेवटी थोरल्या पंचांनी सांगितलं की रविवारी अभिषेकानंतर बस्तीत बैठक घेऊ. देणाऱ्याच्या मनात काय होतं ते देणाऱ्यानं सांगावं. तिनं बालवाडीचं नाव घेतलं तर इमारत बालवाडीची. घेतलं नाही तर विषय संपला, आणि माधवीनं पोर्च सोडायचा.

"मान्य हाय," माधवीबाई म्हणाल्या.

"मला बी मान्य हाय," आप्पा म्हणाले. त्यांनी ते लगेच मान्य केलं, हे तिथं उभ्या असलेल्या बायकांच्या लक्षात आलं.

प्रणितानं शुक्रवारी रात्री माधवीबाईंना मेसेज पाठवला. आपण रविवारी येऊ, आणि विचारलं तर खरं ते सांगू, असं त्यात होतं. शनिवारी दुपारी दुसरा मेसेज आला. साइटवर स्लॅबचं काम आहे, जमेल असं वाटत नाही.

शनिवारी पोर्चखाली चौदा मुलं होती. संध्याकाळी पंचांचा निरोप्या बैठकीचं सांगायला धोंडूबाईंच्या घरी गेला. जिनेंद्रनं त्याला दारातच थांबवलं, पण धोंडूबाईंनी आतून ऐकलं आणि स्वतः बाहेर आल्या. निरोप ऐकून त्यांनी वेळ विचारली. निरोप्यानं आठ सांगितली. येणार काय, असं त्यानं विचारल्यावर त्या वळल्या आणि आत गेल्या.

रात्री उशिरापर्यंत सकाळी बस्तीत येणार की नाही, आल्या तर बालवाडीचं नाव घेणार की नाही, यातलं काहीही त्यांनी पंचांना किंवा माधवीबाईंना कळवलेलं नव्हतं.